थंडी येते कुठून? (खिडकीतल्या उन्हाच्या खुणा)

कवडसा | १२ ऑक्टोबर, रात्री ९:१०

काल संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर दोरीवरचा टॉवेल हाताला गार लागला. ओला नव्हता, नुसताच गार. पंधरा दिवसांपूर्वी याच वेळेला चांगला उजेड असायचा, काल चिमट्यांची टोपली चाचपडत शोधावी लागली. खाली येऊन बाबांना म्हटलं, "हवा पालटली. आजपासून थंडी सुरू." ते म्हणाले, "आजपासून कुठली? ती जूनमध्येच निघालीय."

बाबा ७९ वर्षांचे आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फारसे बाहेर पडत नाहीत. दक्षिणेच्या खिडकीशी त्यांची खुर्ची असते. ऐन उन्हाळ्यात त्या खिडकीतून ऊन आत येतच नाही, सूर्य डोक्यावरून निघून जातो. सप्टेंबरात उन्हाची एक पट्टी खिडकीखाली पडायला लागते आणि मग दिवसागणिक आत सरकते. तिच्या मागोमाग बाबांची खुर्ची.

या वर्षी आम्ही दर रविवारी दुपारी ठीक बारा वाजता, उन्हाची पुढची कड जिथे पोचते तिथे फरशीवर पेन्सिलीने रेघ मारतोय. २१ सप्टेंबरला पहिली मारली, आज चौथी. दोन रेघांमध्ये साधारण अर्धी वीत अंतर पडतंय. आठवड्यात अर्धी वीत! इतकी वर्षं या घरात राहून हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

तर तुम्हाला विचारायचं होतं, थंडीची पहिली खूण तुम्ही कोणती धरता? अंगाला लागते ती, की त्याच्या आधी दिसते ती?

---

अबोली_२१ | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४८

माझी खूण म्हणजे ओठ. कॅलेंडर न बघता ओठ सांगतात. आणि सकाळी पहिला पाय फरशीवर टेकला की तो आपोआप परत वर घेतला जातो, तो दिवस.

काकांना नमस्कार सांग. रेघांचे फोटो टाकशील का?

---

जुना_निरीक्षक | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

कवडसाताई, तुमचे बाबा अगदी बरोबर बोलले. मी ३१ वर्षं हवामानाच्या नोंदी घेतल्या, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंश कललेला आहे. उत्तर गोलार्धात २१ जूनच्या आसपास दिवस सर्वात मोठा, आणि दुसऱ्याच दिवसापासून तो लहान व्हायला लागतो. पण तेव्हा ते कुणाला कळत नाही, कारण फरक काही सेकंदांचा असतो. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र जवळपास सारखे होतात आणि नेमक्या त्याच सुमारास दिवस सर्वात झपाट्याने आखडतो. तुमच्या रेघा आत्ता लांब लांब पडताहेत त्या म्हणूनच. ६० अक्षांशावर राहणाऱ्यांचा दिवस या काळात रोज पाच मिनिटांहून जास्त लहान होतो. विषुववृत्ताजवळ मात्र जवळजवळ काहीच होत नाही.

उजेड आधी जातो, ऊब मागून. जमीन आणि त्याहून जास्त समुद्र, उन्हाळाभर साठवलेली उष्णता हळूहळू सोडतात. म्हणून दिवस सर्वात लहान डिसेंबरात, पण कडाका बहुतेक ठिकाणी जानेवारीत, आणि समुद्राकाठी कधी फेब्रुवारीतसुद्धा.

सूर्य लांब गेला म्हणून थंडी पडते असं अजूनही अनेकजण मानतात. खरं तर जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वात लांब, १५ कोटी २१ लाखांवर. सगळा खेळ किरणं किती तिरपी पडतात आणि किती तास पडतात याचा. तीच तिरपी किरणं तुमच्या बाबांच्या पायांपर्यंत पोचताहेत.

रेघा सोडू नका. एवढीच विनंती.

---

कवडसा | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

काका, बाबांना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "पुन्हा वाच" म्हणाले, दोनदा वाचला. खूप आभार.

---

हिरवी_फांदी | १३ ऑक्टोबर, दुपारी १:३०

माझा रोजचा संबंध झाडांशी, रोपवाटिकेत काम करते. आमच्याकडे येणारी माणसं दरवर्षी म्हणतात, "थंडीने पानं गळाली." मला हे वाक्य ऐकवत नाही, कारण त्यात झाडाच्या कष्टांचा उल्लेखच नसतो. थंडी आली आणि पानं पडली असं नसतं. झाड ती स्वतः उतरवतं, आणि थंडीच्या बरंच आधी कामाला लागतं.

झाड रात्रीची लांबी मोजतं. पानात एक रंगद्रव्य असतं, उजेड आणि अंधाराप्रमाणे त्याचं रूप बदलतं. रात्र एका मापापेक्षा मोठी झाली की झाडाला निरोप पोचतो. मग हरितद्रव्य मोडायला घेतलं जातं आणि पानातलं सुमारे निम्मं नत्र फांदीत, खोडात परत ओढलं जातं. पिवळा रंग त्या वेळी तयार होत नाही, तो आधीपासून पानात असतोच, हिरव्याखाली झाकलेला. लाल-जांभळा मात्र बऱ्याच झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारा नाही, अशी हवा मिळाली तर लाल रंग खुलतो. ढगाळ, ओल्या वर्षी तो फिका पडतो.

देठाच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर बनतो. पान तिथून सुटतं आणि जखम आधीच बंद झालेली असते. गळलेल्या पानाच्या जागी फांदीवर एक छोटा चट्टा दिसतो, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतो. त्याच्या अगदी वर, टेकूनच, पुढच्या वर्षीची कळी असते, खवल्यांत गुंडाळलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. ती बहुतेक झाडांत उन्हाळ्यातच तयार झालेली असते. पान पडायच्या आधी पुढचं पान जागेवर हजर!

आणखी एक बघा. रस्त्यावरच्या दिव्याला लागून असलेल्या झाडाची दिव्याकडची बाजू कित्येकदा उशिरापर्यंत हिरवी राहते. त्या फांद्यांना रात्र पुरेशी मोठी झालेलीच वाटत नाही. मला त्या झाडाचं फार वाईट वाटतं.

---

दूरदेशी | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

धागा वाचताना गंमत वाटली आणि थोडं एकटंही. मी दक्षिण गोलार्धात राहते. आमची पानगळ मार्च ते मेमध्ये झाली. आत्ता सगळीकडे पालवी आहे आणि उत्तरेच्या खिडकीतलं ऊन रोज मागे मागे जातंय. (हो, आमच्याकडे घरात ऊन उत्तरेकडून येतं. पहिली दोन वर्षं माझी दिशांची खात्रीच पटत नव्हती.)

इथे येऊन नऊ वर्षं झाली, पण ऑक्टोबर उजाडला की अंग अजून थंडीची वाट बघतं आणि थंडी येत नाही. लहानपणी ऋतू अंगात कुठेतरी खोल जाऊन बसलेले असतात. कवडसा, तुझ्या बाबांची पट्टी आणि माझी पट्टी एकाच वेळी उलट्या दिशेने चालल्यात, हे वाचून मात्र बरं वाटलं.

---

ओंजळ | १५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

एक भाषेचा मुद्दा. आपण पानगळीच्या ऋतूला सर्रास 'शरद' म्हणतो, पण आपल्या सहा ऋतूंत पानगळ शरदात नाही. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, पाऊस ओसरल्यावरचं धुतलेलं आकाश आणि टिपूर चांदणं. मग हेमंत, मार्गशीर्ष-पौष. पानं गळण्याचा ऋतू शिशिर, माघ-फाल्गुन. म्हणजे चार ऋतूंच्या मुलखातला पानगळीचा ऋतू आणि आपला शरद कॅलेंडरवर शेजारी येतात, पण दोन्हींचा भाव वेगळा आहे. तिकडे निरोप आहे, आपल्याकडे निवळणं आहे. मला 'पानगळ' हाच शब्द जवळचा वाटतो, त्यात कसली ओढाताण नाही.

थंडीला मात्र मराठीने काय शब्द दिलेत! आधी नुसता गारवा. तो हवाहवासा. मग शिरशिरी, एकदाच अंगावरून जाते. गुलाबी थंडी. मग गारठा, म्हणजे आता घराच्या भिंतीसुद्धा गार. बोचरी थंडी वाऱ्याची असते, हुडहुडी आतून येते, आणि काकडायला होतं तेव्हा माणूस अंगाची जुडी करून बसतो. 'कडाका' म्हणताना तर दात वाजल्यासारखे वाटतात. माझी आजी दवाला 'दहिवर' म्हणायची. हा शब्द मी आता कुणाच्याच तोंडून ऐकत नाही, म्हणून मुद्दाम इथे लिहून ठेवते.

---

हिरवी_फांदी | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

दहिवर! ओंजळताई, आमच्याकडे काम करणाऱ्या एक मावशी अजून म्हणतात. "दहिवर पडलंय, आत्ता पानांना हात लावू नका."

---

रात्रपाळी | १९ ऑक्टोबर, पहाटे ४:१५

मी रात्रीची ड्यूटी करतो, त्यामुळे माझी खूण आकाशात असते. ऑक्टोबरच्या मध्यात मृग नक्षत्र रात्री साडेदहा-अकराला पूर्वेला वर येतं. तारे रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. नोव्हेंबरच्या मध्यात साडेआठ-नऊ, आणि डिसेंबरच्या मध्यात अंधार पडता पडता मृग हजर. ज्या दिवशी कामावर निघताना तो दिसतो त्या दिवशी मी जाड जॅकेट काढतो. त्याच्या आधी कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो. डोळे थोडे बाजूला वळवून बघितलं तर तो जास्त स्पष्ट दिसतो.

ओंजळताईंनी महिन्यांची नावं घेतली म्हणून सांगतो. कार्तिकातली पौर्णिमा कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षातली मृगशीर्षाजवळ. महिन्यांची नावं त्यावरूनच पडली आहेत. पौर्णिमेच्या रात्री एकदा वर बघा, महिना तिथे लिहिलेला असतो.

---

सावली | २ नोव्हेंबर, सायंकाळी ६:२०

बरेच दिवस वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं. तुम्ही सगळे थंडीबद्दल इतक्या प्रेमाने लिहिताय, आणि मला हे दिवस सोसत नाहीत. संध्याकाळी सहाला खिडकी काळी झाली की छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होतं. झोप वाढते, कशातच मन लागत नाही, माणसं नकोशी होतात. फेब्रुवारी संपता संपता आपोआप बरी होते. सलग चौथं वर्ष आहे. घरचे म्हणतात आळस आहे.

---

कवडसा | २ नोव्हेंबर, सायंकाळी ६:५०

सावली, लिहिलंस ते फार चांगलं केलंस. आळस असता तर दरवर्षी त्याच महिन्यात येऊन त्याच महिन्यात गेला नसता गं. मी इथेच आहे. रोज संध्याकाळी दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल, मी वाचेन.

---

वैद्य_नजर | २ नोव्हेंबर, रात्री ९:३५

सावली, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही, पण तुम्ही सांगितलेलं चित्र आम्हाला ओळखीचं आहे. ऋतूबरोबर येणारं-जाणारं नैराश्य १९८४ साली नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय लेखात मांडलं. त्यात जास्त झोप, जडपणा, लोकांपासून दूर राहावंसं वाटणं, हे सगळं असतं. हा आळस नव्हे. घरच्यांना हा प्रतिसाद जरूर दाखवा.

याचा उजेडाशी जवळचा संबंध आहे. घरात दिवा लावून जो उजेड मिळतो तो साधारण १०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर त्याच्या कितीतरी पट असतो. उपचारात सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या खास दिव्यासमोर बसवतात. पण तो दिवा स्वतःहून आणून सुरू करू नका. डोळ्यांचे काही आजार असतील किंवा मनःस्थितीत टोकाचे चढउतार होत असतील तर त्रास होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना भेटा. तोवर सकाळी लवकर अर्धा-पाऊण तास मोकळ्या आकाशाखाली चाला, हवा ढगाळ असली तरी. आणि जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, थांबू नका.

---

पहाटपक्षी | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

सावली, सकाळी चालायला निघालात तर पाण्याच्या काठाने जा. या दिवसांत तिथे पाहुणे उतरलेले असतात. लांबून आलेले छोटे चिखलपक्षी चोच खुपसून अखंड खात असतात. त्यांच्याकडे बघत अर्धा तास कसा जातो कळत नाही.

थंडीपुढे पळतात ते पक्षी, असं म्हणतात. पण तेही झाडांसारखेच, दिवस लहान होताना बघून तयारीला लागतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचं अवघं पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून उडालं आणि ११ दिवसांनी टास्मानियात उतरलं. मध्ये कुठेही न थांबता, १३,५६० किलोमीटर. अंगावरच्या ट्रान्समीटरमुळे हे समजलं. निघण्याआधी हे पक्षी चरबी इतकी वाढवतात की वजनाचा निम्म्याहून जास्त भाग तीच असते, आणि पोटातली पचनाची इंद्रियं आक्रसून घेतात, कारण वाटेत ती लागणारच नसतात. पाच महिन्यांचं पिल्लू! या वाटेने ते आधी कधी गेलेलं नव्हतं.

---

अबोली_२१ | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

आज आमच्याकडे पहिलं धुकं. आणि लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू आली, जी एरवी कधीच येत नाही. हा भास का?

---

जुना_निरीक्षक | २३ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

भास नाही, अबोली. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता थेट आकाशात सोडते आणि तिला लागून असलेली हवा आधी गार होते. वर ऊबदार, खाली गार, असा उलटा थर बसतो. अशा हवेत आवाज वर निसटत नाही, वाकून खाली येतो आणि लांबवर पोचतो. धूरसुद्धा वर न जाता चादरीसारखा आडवा पसरलेला दिसेल. म्हणूनच या दिवसांत दम्याच्या माणसांनी अगदी पहाटे फिरणं टाळावं, थोडं ऊन चढू द्यावं.

याच कारणाने हवामान केंद्रातला आकडा आणि गवतावरची थंडी जुळत नाही. आम्ही तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, सावलीच्या पेटीत ठेवतो. पेटीत २-३ अंश दाखवत असताना खाली गवतावर हिम धरलेलं मी स्वतः हाताने खरवडलंय. शेतकऱ्याने आकड्यापेक्षा गवतावर जास्त विश्वास ठेवावा.

दवाचंही एक सांगतो. वाफेचं पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी उष्णता बाहेर पडते. त्यामुळे दव पडायला लागलं की पारा उतरण्याचा वेग मंदावतो. रात्रपाळीच्या नोंदवहीत तो टप्पा मला स्पष्ट दिसायचा. आकडे भराभर उतरत यायचे आणि मग एका ठिकाणी रेंगाळायचे. बाहेर जाऊन गवताला हात लावला की तो ओला व्हायचा.

---

ओंजळ | ७ डिसेंबर, सायंकाळी ७:१०

निरीक्षककाका, सूर्य सर्वात लवकर २१ डिसेंबरलाच मावळतो ना? मला आठवडाभर संध्याकाळ आहे तिथेच थांबल्यासारखी वाटतेय.

---

जुना_निरीक्षक | ७ डिसेंबर, रात्री ८:००

नाही, आणि तुमची नजर चांगली आहे. दिवस सर्वात लहान २१-२२ डिसेंबरला, पण सर्वात लवकरचा सूर्यास्त त्याच्या आधी होतो आणि सर्वात उशिराचा सूर्योदय नंतर. ४० उत्तर अक्षांशावर या तारखा साधारण ७ डिसेंबर आणि ४ जानेवारी. घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा यांतलं अंतर वर्षभर बदलत असतं, म्हणून असं होतं. कवडसाताईंच्या रेघा नुसत्या आत न जाता थोड्या बाजूलाही सरकत असतील.

---

कवडसा | ७ डिसेंबर, रात्री ८:२५

सरकताहेत! आम्हाला वाटत होतं आमचाच हात हलतोय.

---

सावली | १४ डिसेंबर, सकाळी ९:५०

डॉक्टरांकडे जाऊन आले. उपचार सुरू आहेत. वैद्य_नजर, तुमचा प्रतिसाद आईला वाचायला दिला, तिने काही न बोलता माझे चालायचे बूट दाराशी आणून ठेवले. संध्याकाळ अजून जड जाते, पण सकाळ माझी झालीय. पहाटपक्षी, आज तुमचे चिखलपक्षी मोजले, सतरा.

---

हिरवी_फांदी | १४ डिसेंबर, दुपारी १२:२०

सावली, हे वाचून डोळे भरून आले. सफरचंद, पीच यांसारख्या झाडांना वसंतात नीट उमलण्यासाठी आधी थंडीचे शेकडो तास लागतात, साधारण ० ते ७ अंशांचे. ते भरले नाहीत तर कळ्या वेड्यावाकड्या, अर्धवट फुटतात. बाहेरून सुकलेली वाटणारी फांदी आत तास मोजत असते.

---

कवडसा | २८ डिसेंबर, दुपारी १२:४०

ठरवलं होतं की २१ डिसेंबरची रेघ झाली की धागा पुरा करायचा. पण आजच्या रेघेशिवाय तो पुरा होत नाही.

सगळ्या मिळून पंधरा रेघा झाल्यात. सुरुवातीच्या ऐसपैस, अर्ध्या अर्ध्या वितेच्या. नोव्हेंबर संपता संपता जवळ यायला लागल्या. ७ आणि १४ डिसेंबरमध्ये दोन बोटं, १४ आणि २१ मध्ये एकच. २१ ची रेघ बाबांच्या पलंगाच्या पायाला टेकली. आज बारा वाजता आम्ही दोघं खाली वाकून बघत होतो. बाबा खुर्चीतून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन. उन्हाची कड २१ च्या रेघेपर्यंत पोचलीच नाही. १४ च्या रेघेपाशी, तिला जवळजवळ चिकटून थांबली. पेन्सिल आज पहिल्यांदाच मागे घ्यावी लागली.

मी म्हटलं, "बाबा, ऊन परत निघालं. खुर्ची मागे घेऊ का?"

ते म्हणाले, "ऊन निघालं, थंडी अजून यायचीय. राहू दे इथेच." आणि पाय उन्हात लांब केले.